डबा थांबला की

त्या वर्षी पाखरांना उतरायला एकच रान उरलं होतं आणि ते नेमकं ह्या घरचं होतं. पेरणीच्या दिवसांत बैलाने सासऱ्याचा पाय तुडवला, तो खाटेला खिळला आणि पेरा मागे पडला. आता आजूबाजूची कापणी उरकून रानं उघडी पडली होती, आणि ह्यांची कणसं अजून दुधात होती. दाणा नखाने दाबला की पांढरा थेंब यायचा. पाखरांना तेवढंच हवं असतं. सकाळी ऊन अंगावर आलं की चारी बाजूंनी थवे यायचे आणि दिवस मावळेपर्यंत हलायचे नाहीत.

घरात माणसं चार. मुलगा लाकडाच्या वखारीत कामाला, दिवस उजाडताच सायकल काढायचा तो अंधार पडताना यायचा. सासरा पाय लांब करून खळ्यावर बसायचा, जमीन चोपायचा, दोर वळायचा, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडायचा. गवत कापणं, धार काढणं, पाणी भरणं, चूल पेटवणं हे सगळं सासूच्या अंगावर होतं. उरली सून. तिचे दिवस भरत आले होते, वाकता येत नव्हतं, ओझं उचलता येत नव्हतं. मग पाखरं राखायचं काम तिच्याकडे आलं. बसूनच तर करायचं काम, असं सासूचं म्हणणं.

सून अंगाने लहानखुरी, मनगट दोन बोटांत मावेल अशी. ती लग्न होऊन आली तेव्हापासून सासरा तिला चिमणी म्हणायचा. तिला रानात बसवलं त्या दिवशी तो आपल्याच विनोदावर पोटभर हसला. म्हणाला, चिमणीला चिमण्या राखायला बसवलंत, आता दोघी मिळून पीक खातील. सून पदराआड हसली. सासू हसली नाही, तिला त्यात अर्धं खरं वाटत होतं.

रानाच्या मधोमध मचाण होतं. सुनेला आता शिडी चढवत नव्हती, म्हणून ती मचाणाखालच्या सावलीत पोतं टाकून बसायची. समोर खांबाला तारेने तेलाचा रिकामा डबा टांगलेला आणि हातात लोखंडी सळई. डब्यावर सळई बसली की कानठळ्या बसायच्या आणि थवा उठायचा, एक गिरकी घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात उतरायचा. मग पुन्हा सळई. दिवसभर हेच. सासूला आतून वाटायचं की पोटातल्या पोराचे कान जातील. एकदा तिने ते बोलूनही दाखवलं होतं. पण दुसरं माणूस कुठून आणणार, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवशी मात्र सासूचा पारा चढला होता. दुपारी सुनेचा डोळा लागला आणि बांधाकडचा एक पट्टा पाखरांनी साफ केला. सासूने तिथलं एक कणीस मोडून आणलं आणि सुनेच्या मांडीवर टाकलं. त्यात एक दाणा शिल्लक नव्हता, नुसतं भुसकट. ओरडली नाही, पण जे बोलली ते ओरडण्याहून वाईट होतं.

"मी कुठेही असले तरी माझे कान डब्याकडे असतात," ती म्हणाली. "डबा थांबला की मी समजेन, तू झोपलीस."

 सुनेने ते रिकामं कणीस मांडीवरून उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून बसली.

त्या सकाळी सून उठली तीच कमरेवर हात ठेवून. पाठीत कळ येते आहे, असं तिने सासूला चुलीपाशी बसून हळूच सांगितलं. गावातल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंनी अजून अवकाश आहे म्हणून सांगितलं होतं. वेळ आली की तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, त्यासाठी गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, कपड्यांचं गाठोडंसुद्धा बांधून तयार होतं. नवरा सायकलला जेवणाचा डबा अडकवत होता, तो तिथेच थबकला. थांबू का म्हणून त्याने आईला विचारलं.

सासूला ह्या बाबतीत कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नसे. तिचं पहिलं बाळंतपण दोन दिवस चाललं होतं, आणि त्या दोन दिवसांवर ती आजवर जगत आली होती. बायकांत विषय निघाला की तिच्यापुढे कुणी बोलायचं नाही. तिने मुलाला जा म्हणून हाताने खूण केली.

"पहिलटकरणीला असं होतंच," ती सुनेला म्हणाली. "कळा अशा भराभर येत नसतात. खरी सुरुवात झाली तरी रात्र आणि दिवस जातो. बसून राहिलीस तर जास्त दुखेल. रानात जा, थोडी बस, थोडी चाल. दुपारी बघू."

नवरा सायकलवर बसला. सुनेने पाण्याची कळशी कमरेवर घेतली, मग ती जड वाटली म्हणून थोडं पाणी ओतून टाकलं आणि रानाच्या वाटेला लागली. वाटेत एकदा ती बांधाला धरून उभी राहिली. ते सासूने पाहिलं होतं. नंतर तिला ते वारंवार आठवायचं, की आपण पाहिलं होतं.

सासू ओढ्याकडच्या खोलगट भागात गवत कापायला बसली. तिथून रान दिसत नसे, पण डबा स्पष्ट ऐकू यायचा. सुरुवातीला आवाज रोजच्यासारखा होता. दोन-चार ठोके, मग खंड, मग दोन-चार ठोके. ऊन वर आलं तसा तो वाढला. मधला खंड कमी झाला. आणि मग डबा असा वाजू लागला की सासूचा विळा हातात थांबला. आजवर सुनेने डबा असा वाजवला नव्हता. हाताला विसावा म्हणून नाही. थांबल्यासारखा वाटायचा आणि लगेच दुप्पट जोराने सुरू व्हायचा.

खळ्यावरून सासऱ्याने हाक मारली. "ऐकतेस का ग? म्हणत होतीस ना, पोरीच्या हातात जोर नाही म्हणून?"

सासूला बरं वाटलं. कालचं बोलणं वाया गेलं नाही असं तिला वाटलं. टोचून बोललं की माणूस सुधारतो, ह्यावर तिचा विश्वास होता. संध्याकाळी दुधाची साय हिच्यासाठी बाजूला काढावी, असं तिच्या मनात आलं. एवढं अंगात बळ आहे म्हणजे सकाळची कळ गेली असणार, हेही आलं. डबा वाजत होता आणि ती त्या तालावर गवत कापत होती.

मग डबा थांबला.

थवा उठून गेला असेल, म्हणून तिने आणखी एक मूठ कापली. मग आणखी एक. डबा वाजेना. एवढा वेळ आपण मनात तिचं कौतुक केलं ह्याचाच तिला राग आला. विळा कमरेला खोचून ती उठली. पेंढी तशीच टाकली. चढ चढताना काय बोलायचं ते तिचं ठरून गेलं होतं. आज कणीस नाही, आज सगळं पीक तुझ्या मांडीवर टाकते, इथपासून सुरुवात करायची होती.

रानात शिरल्यावर तिला पहिल्यांदा वेगळं वाटलं ते पाखरांमुळे. मचाणाच्या अगदी जवळच्या कणसांवर ती बसली होती. तिथे एरवी एक पाखरू बसत नसे. माणूस झोपलेलं असलं तरी त्याच्या घोरण्याला, कूस बदलण्याला ती बिचकतात. इथे ती निवांत खात होती. सासू जवळून गेली तरी फक्त एक-दोन कणसं पुढे सरकली.

सून मचाणाखाली गुडघ्यांवर होती. एका हाताने तिने खांबाला मिठी मारली होती आणि दुसऱ्या हातात सळई अजून घट्ट धरलेली होती. डबा तारेतून निसटून आडवा पडला होता आणि ठिकठिकाणी चेपला होता. ती बसायची ते पोतं पाण्याने भिजलं होतं. कळशी उभीच होती, ती सांडली नव्हती. सासूला ते कसलं पाणी हे कळायला क्षण लागला.

सुनेने मान वळवली. खालचा ओठ दातांनी फाटला होता.

"आत्याबाई, मी वाजवत होते," ती म्हणाली. "हाक मारायला आवाज निघेना. म्हणून केव्हाची वाजवत होते."

सासूच्या तोंडातले सगळे तयार शब्द तिथेच मेले. तिने खाली बसून सुनेचं लुगडं वर केलं. बाळाचं डोकं दिसत होतं. ओले काळे केस.

तिने आयुष्यात कुणाचं बाळंतपण केलं नव्हतं. तिचं झालं ते सुईणीच्या हातून, तेही दोन दिवसांनी, तिची शुद्ध अर्धी हरपलेली असताना. बायकांत बसून ती बोलायची ते फक्त दुखण्याबद्दल होतं. हात कुठे धरायचे, काय ओढायचं, काय ओढायचं नाही, ह्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि हे ह्या घडीला तिला स्वतःला पहिल्यांदा कळत होतं. हाताकडे पाहिलं तर तळवे गवताने हिरवे झालेले. तिने कळशीतलं पाणी हातांवर ओतून ते पदराला खसाखसा पुसले.

तिने खळ्यावरच्या आपल्या नवऱ्याला हाक मारली. आवाज फाटला, पिकाच्या उंच ताटांच्या भिंतीत अडकला, पुढे गेलाच नाही. तेव्हा तिने सुनेच्या हातातली सळई ओढली आणि पडलेला डबा जिवाच्या आकांताने बडवला. पाखरं भर्रकन उठली. खळ्यावर सासऱ्याने तो आवाज ऐकला आणि मान डोलावली. आता म्हातारी स्वतः डब्यावर बसली, आज एक दाणा जात नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो पुन्हा दोर वळू लागला. हे पुढे त्यानेच सांगितलं. सगळ्या गोष्टी हसून सांगणारा माणूस, पण ही सांगताना तो कधी हसला नाही.

सुनेला पुन्हा कळ आली आणि सासूने सळई टाकून दिली. आता पळून जाणं नव्हतं, माणूस बोलावणं नव्हतं. ती सुनेच्या मागे गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हात खाली धरले. सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा वाटत नव्हता. डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. गळ्याभोवती नाळ होती, निळसर, जाड, पिळलेली. चेहरा जांभळा पडत चालला होता.

"मेले का मी?" सून म्हणाली.

"गप्प बस. दम घे," सासू म्हणाली. 

बैलाच्या गळ्यातलं दावं काचलं की आपण बोट घालून सैल करतो, तसं तिने नाळेखाली बोट घातलं. विचार करून नाही, बोट आपसूक गेलं. नाळ सैल झाली, डोक्यावरून सरकली. पुढच्या कळेबरोबर बाळ सगळंच्या सगळं तिच्या हातांत आलं, इतकं निसरडं की पडतं की काय म्हणून तिने ते छातीशी दाबलं.

मुलगी होती. आणि ती रडत नव्हती.

हातपाय लोंबत होते. डोळे मिटलेले. सासूने पदराच्या टोकाने तोंड पुसलं, बोटाला पदर गुंडाळून तोंडातला चिकटा काढला. बाळाला आडवं धरून पाठ चोळली, आधी भीत भीत, मग जोरात. काही नाही. अंगावर पाणी मारावं असं मनात आलं, पण धीर झाला नाही. ती चोळत राहिली. आपण डब्याच्या तालावर गवत कापत होतो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. ही पोर मदतीला बोलावत होती आणि आपण साय बाजूला काढायचं ठरवत होतो.

"रडत का नाही?" सुनेने विचारलं. खांबाला टेकून ती कशीबशी वळली होती.

 सासूला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तिच्या तोंडून निघणार नव्हतं. तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली, पुन्हा पाठ चोळली. तेव्हा बाळाचं अंग एकदम आखडलं, तोंड वेडंवाकडं झालं, आणि मांजराच्या पिल्लाएवढा आवाज आला. मग जरा मोठा. जांभळा रंग ओठांपाशी हळूहळू लाल होऊ लागला. 

नाळ अजून तशीच होती, आईपासून लेकीपर्यंत. सासूने सवयीने कमरेचा विळा काढला. पात्याला गवताचा रस, चिखल. नर्सबाई दर खेपेला बजावून जायच्या, की घरातल्या कशानेही कापू नका, पोरं धनुर्वाताने जातात. सासू त्या बोलण्याकडे कानाडोळाच करायची. आता तिने विळा लांब फेकून दिला. बाळाला नाळेसकट सुनेच्या पोटावर ठेवलं, स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून दोघींवर घातला.

वार पडली, आणि तिच्या मागोमाग रक्त आलं. सासूला वाटलं आता थांबेल. ते थांबेना. खालची माती काळी होत चालली. आपलं बाळंतपण झालं तेव्हा सुईणीने पोट चोळलं होतं, एवढं तिला आठवलं, इतकं दुखलं होतं की ते विसरणं शक्य नव्हतं. तिने सुनेच्या बेंबीखाली हात रोवला आणि चोळायला सुरुवात केली. सून विव्हळली. तिचे ओठ पांढरे पडले होते, भर उन्हाच्या वेळी अंगात हुडहुडी भरली होती. पापण्या खाली येत होत्या.

"झोपू नकोस," सासू म्हणाली.

वाक्य रोजचंच होतं. पण ते म्हणताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काल ज्या झोपेबद्दल मी तुला बोलले ती झोप घे, वाटेल तेवढी घे, पण ही नको, असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून तेवढंच निघत होतं, झोपू नकोस, झोपू नकोस.

डबा बंद पडलेला होता आणि पाखरं परत आली होती. त्यामुळेच सासरा आला. खळ्यावरून त्याला रानावर उतरणारा थवा दिसला, एक, मग दुसरा, आणि कुणी हुसकत नाही म्हणून तो भडकला. काठी घेऊन, पाय ओढत, दोघींना शिव्या घालत तो ताटांतून आला. मचाणापाशी पोचला आणि जागीच थांबला. त्याने तोंड फिरवलं. मग रक्त पाहिलंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवलं.

सासूने त्याला एवढंच सांगितलं, रस्त्यावर जा, जो भेटेल त्याला अडव, नर्सबाईला आण. महिनोन्‌महिने ज्याला खळ्यापर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागे, तो माणूस काठी टेकत रस्त्याच्या दिशेने पळत सुटला. पळणं म्हणायचं तर म्हणा. पण मागे वळून पाहिलं नाही.

तो किती वेळात परत आला हे सासूला कधीच सांगता आलं नाही. ती पोट चोळत होती, बोलत होती. काय वाट्टेल ते बोलत होती. म्हशीबद्दल, पत्र्याला पडलेल्या भोकाबद्दल, मुलाने लहानपणी खाल्लेल्या माराबद्दल. सुनेला मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती आणि उत्तर आलं की जीव भांड्यात पडत होता. एकदा उत्तर यायला उशीर झाला तेव्हा तिने सुनेच्या गालावर चापट मारली, आणि मग त्याच गालावरून हात फिरवत राहिली.

सासऱ्याने रस्त्यावर अडवलेल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून नर्सबाई आल्या. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पिशवी उघडली, सुई टोचली, नाळ बांधून कापली, सुनेचं पोट दाबून पाहिलं. मग बराच वेळ मनगट धरून बसल्या. सासू त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. रक्त कमी होतंय, असं त्या म्हणाल्या. पण आता हिला उचलून न्यायचं नाही, गाडी बांधापर्यंत येईल, तोवर इथेच पडू दे. दूधवाल्याला त्यांनी गाडीसाठी पिटाळलं आणि वाटेत वखारीतही निरोप द्यायला सांगितला.

भीती संपली असं सगळ्यांना वाटायला हवं होतं. पण आता बाळ रडायचं थांबेना.

आधी तो आवाज ऐकून सासूला देव पावल्यासारखं झालं होतं. पण रडणं वाढत गेलं. आईच्या छातीला लावलं तर तोंड फिरवायचं, अंग ताठ करायचं, पुन्हा रडायचं. नर्सबाईंनी धरून पाहिलं, सासूने मांडीवर घेऊन झुलवलं. काही उपयोग नाही. एवढं रडली तर दमेल, अंगावर प्यायली पाहिजे, असं नर्सबाई म्हणाल्या आणि पुन्हा प्रयत्न करू लागल्या. गळ्यात नाळ अडकली होती, त्यातून काही आत बिघडलं असेल का, असं सासूने हळूच विचारलं. दवाखान्यात बघतील, असं उत्तर मिळालं. 

नवरा आला तो सायकल बांधावर टाकून, केसांत, भुवयांवर लाकडाचा भुसा. तो बायकोच्या उशाशी बसला आणि काय करावं न सुचून तिच्या पायावरची माती झाडू लागला. रान पाखरांनी भरून गेलं होतं. इतकी की कणसं वाकली होती. दाणे फुटल्याचा बारीक आवाज सगळीकडून येत होता. सासऱ्याला ते बघवेना. न बोलता तो पुढे झाला, त्याने डबा सरळ केला, सळई उचलली.

सासूने झडप घालून ती हिसकावली.

"खाऊ दे," ती म्हणाली. "सगळं खाऊ दे. लेकराच्या कानापाशी आवाज केलास तर बघ."

सासरा मागे सरला. वर्षभराचं पीक समोर चाललं होतं आणि एकही जण हलत नव्हता. बाळाचा आवाज आता बसत चालला होता. आधी मोठा, मग चिरका, मग नुसताच घशातून. नर्सबाईंनी सहाव्या की सातव्यांदा त्याला आईच्या छातीशी धरलं आणि त्याने तोंड फिरवलं.

"आत्याबाई," सून म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सगळे वाकले. "डबा वाजवा."

पाखरांसाठी म्हणते आहे, असं सासूला वाटलं. एवढं झालं तरी पोरीच्या मनातून कालचं कणीस गेलं नाही, आपल्या धाकाने म्हणते आहे, ह्या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको ग बाई, जाऊ दे पीक, असं ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"पिकासाठी नाही," सून म्हणाली. "रोज मी वाजवायचे तेव्हा ही पोटात गप्प असायची. डबा थांबला की लाथा मारायची. रात्री मला कुठली झोप? वाजवा."

 सासूने नर्सबाईंकडे पाहिलं, त्यांनी खांदे उडवले. सासूने सळई उचलली आणि डब्यावर हळूच टेकवली. दोन-चार ठोके, मग खंड, मग दोन-चार ठोके. जवळची पाखरं उठली. बाळ रडत होतं. तिने जरा जोर केला, सुनेचा हात रोज जेवढा असायचा तेवढा. हा हात तिला महिनाभर ऐकून पाठ झाला होता.

बाळ गप्प झालं.

एकदम गप्प झालं, आणि सासूच्या हातातून सळई पडायची राहिली. ती तशीच वाकली आणि तिने बाळाच्या नाकापुढे हाताचा मागचा भाग धरला. तिला काही कळेना, हातालाच संवेदना राहिली नव्हती. नवरा उठून उभा राहिला. मग ऊबदार वारा तिच्या हाताला लागला, गेला, पुन्हा लागला. बाळाचे डोळे उघडे होते. कपाळाला आठ्या घालून ते कुठेतरी पाहत होतं आणि ऐकत होतं.

"थांबू नका," सून म्हणाली.

सासूने पुन्हा ठोके धरले. नर्सबाईंनी बाळाला छातीशी नेलं. ह्या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. थोडं चाचपडलं, घसरलं, आणि मग त्याचे गाल हलू लागले.

सासरा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. पोरीचे कान शाबूत आहेत एवढं तर कळलं, असं काहीतरी तो पुटपुटला. थवे एकामागून एक उठत होते आणि पलीकडच्या बांधाकडे सरकत होते. नर्सबाईंनी पुन्हा एकदा सुनेचं मनगट धरलं, खालचं कापड पाहिलं, आणि मान हलवली. ठीक आहे, म्हणाल्या, आता हिला झोपू द्यायला हरकत नाही, गाडी आली की उठवू.

पण सून डोळे मिटेना. पापण्या जड होत होत्या आणि ती त्या ओढून धरत होती. थोडा डोळा लागला की दचकून उघडायची आणि डब्याकडे पाहायची. ती असं का करते हे नवऱ्याला कळलं नाही, नर्सबाईंना कळलं नाही. सासूला कळलं.

ती सुनेच्या जवळ सरकून बसली. एका हाताने सळई चालू ठेवली आणि दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला. घामाने चिकटलेले केस मागे सारले.

"तू झोप," ती म्हणाली. "डबा थांबणार नाही."